फटीतला कागद

आमच्याकडे ट्रान्सफॉर्मर म्हणजे डीपी. डीपी जळली, डीपीचा फ्यूज गेला, डीपी बदलायला गाडी आलीच नाही, एवढाच त्याचा गावातला संसार. त्यामुळे मागच्या दिवाळीनंतर नागपूरहून येताना मी पिशवीत दोन गोल ट्रान्सफॉर्मर घेऊन एसटीतून उतरलो तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं हे काय आणलं, मी म्हटलं ट्रान्सफॉर्मर आहे, गाण्याच्या मशीनचा, तर त्या म्हणाल्या, "एवढुशी डीपी? याच्यावर काय चालन मंग, एक बल्ब?"

दिसायला म्हणाल तर मेदूवडा. मधे भोक, वरून पिवळी टेप गुंडाळलेली, बऱ्याच वायरी बाहेर आलेल्या, वजन एकेकाचं किलोभर. याला टोरॉइडल म्हणतात. आत लोखंडी पट्टीचं घट्ट भेंडोळं असतं, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं, आणि त्याच्याभोवती तांब्याची तार. मी आणलेले दोन्ही साधे मेनचेच, म्हणजे २३० व्होल्ट आत आणि ६ व्होल्ट बाहेर असे, ५० व्हीएचे. पण मला ते वेगळ्याच कामाला जोडायचे होते, व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, अँप्लिफायरचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणून. हा किडा डोक्यात कसा शिरला ते सांगतो, पण त्याआधी एका कागदाची गोष्ट सांगावी लागेल, कारण नंतर सगळं त्या कागदापाशीच येऊन अडलं.

नववीत होतो तेव्हा. आमच्या घरी आजोबांनी कापूस विकून घेतलेला व्हॉल्व्हचा रेडिओ होता, लाकडी खोक्याचा, समोर जाळीचं कापड, हिरवा डोळा. तो एक दिवस मुका झाला. मी आर्वीला एका काकांच्या दुकानात घेऊन गेलो, आमचे नात्यातले नाहीत, पण सगळं गाव त्यांना काकाच म्हणतं. मोटर वाइंडिंगचं दुकान. म्हणजे जळलेल्या पाण्याच्या मोटरी येणार, काका त्यातली काळी पडलेली तार छिन्नीने तोडून काढणार, नवीन भरणार, वार्निश मारून वाळवणार आणि आठ दिवसांत तीच मोटर परत येणार, कारण व्होल्टेज एकशेसत्तर आणि पाणी तर ओलायचंच असतं, रात्रीची लाइन असली तरी. रब्बीत दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. पण काकांना रेडिओचा नाद होता आणि मोटरीच्या ढिगाऱ्यामागे त्यांनी दोन-तीन रेडिओ लपवून ठेवलेले असायचे.

त्यांनी मीटर लावलं आणि म्हणाले आउटपुटची प्रायमरी ओपन आहे. आउटपुट म्हणजे तो छोटा ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला. प्रायमरी म्हणजे त्याची व्हॉल्व्हकडची तार, ती तुटली होती. स्पीकरकडची ती सेकंडरी. हा का लागतो ते मला काकांनीच समजावलं होतं, पाण्याच्याच भाषेत. व्हॉल्व्ह म्हणजे उंच टाकीवरून येणारी बारीक नळी, जोर भरपूर पण पाणी थोडं. स्पीकरला पाहिजे पाटाचं पाणी, जोर नसला तरी चालेल पण भरपूर पाहिजे. नळीचं पाटात करायचं काम या ट्रान्सफॉर्मरचं. आकड्यात सांगायचं तर ईएल ८४ सारख्या व्हॉल्व्हच्या जोडीला समोर आठ हजार ओहम दिसायला हवेत आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. हजारपट फरक. ट्रान्सफॉर्मरमध्ये वेढ्यांचं प्रमाण त्याच्या वर्गमुळाइतकं लागतं, म्हणजे साधारण ३१.६ वेढ्यांना एक.

तर काकांनी बॉबिनवर नवीन तार भरली, केसासारखी बारीक, आणि स्टॅम्पिंग भरायला मला दिलं. स्टॅम्पिंग म्हणजे लोखंडाच्या पातळ पत्र्या, इंग्रजी ई आणि आय या अक्षरांच्या आकाराच्या. मी त्या दुकानात मेनचे ट्रान्सफॉर्मर भरताना पाहिलेलं होतं, तिथे एक ई इकडून, एक ई तिकडून असं उलटसुलट भरतात, म्हणजे सांधे एकमेकांवर चढतात आणि लोखंड एकसंध होतं. मी तसंच भरलं, लाकडी हातोडीने ठोकून गच्च बसवलं, आणि पत्र्यांसोबत एक तपकिरी कागदाचा कपटा निघाला होता, बोटभर लांब, तो कचरा समजून फेकून दिला. स्वतःवर एवढा खूश होतो मी.

रेडिओ लागला. आवाज आला. पण कसा, तर कोणीतरी नाक दाबून बातम्या सांगतंय असा. खालचा आवाजच गायब. तबला वाजतोय की कोणी वहीवर पेन आपटतंय कळायला मार्ग नाही. काकांनी परत उघडला.

"याच्यातला कागद कुठी हाय बे?"

"फेकला. कचरा वाटला मले."

"फेकला!" काका एवढंच म्हणाले आणि खिशातून बिडीचा कट्टा काढला, त्याचा कागद फाडला, कात्रीने एक पट्टी कापली. मग सगळे ई एका बाजूने भरले, सगळे आय दुसऱ्या बाजूने, आणि दोघांच्या मधे तो बिडीचा कागद. "याच्यातून एकाच अंगानं करंट जाते नं सारखा, थांबतच नाही. लोखंड भरून जाते. मंग आवाजाले जागाच नाही ऱ्हात." रेडिओ लागला आणि तबला परत आला, डग्ग्यासकट.

त्यात खरं काय होतं ते कळायला मला पुढची पाच-सात वर्षं लागली. रेडिओत एकच आउटपुट व्हॉल्व्ह असतो, ईएल ८४ असेल तर त्यातून ४८ मिलिअँपियरच्या आसपास डीसी करंट सतत ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांतून जात राहतो, गाणं चालू असो की नसो. तो लोखंडाला एका दिशेने मॅग्नेट करून ठेवतो. लोखंडाची मॅग्नेट व्हायची हद्द ठरलेली आहे, पोतं भरलं की भरलं. मधे कागदाएवढी हवेची फट ठेवली की डीसीचा जोर त्या फटीत खर्च होतो आणि लोखंडात गाण्यासाठी जागा उरते. इंडक्टन्स, म्हणजे खालचा आवाज पेलायची ताकद, कमी होतो, ते खरं, पण चालतं. म्हणजे काय तर तो कागद हा त्या ट्रान्सफॉर्मरचा एक पार्टच होता, फक्त दिसायला कचऱ्यासारखा.

आता माझं गावात दुकान आहे. मोबाइल रिपेअरिंग, रिचार्ज, झेरॉक्स आणि पीक विम्याचे फॉर्म. शेजारी सलून. दुकानाच्या मागच्या खोलीत माझा हा नाद चालतो. भंगारातून बरेच ईएल ८४ जमवले, काही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, जुन्या रेडिओतून निघालेले, काचेवरची अक्षरं अर्धी पुसलेली. दोन-दोन व्हॉल्व्हचा पुश-पुल, म्हणजे एक व्हॉल्व्ह ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो असा, स्टीरिओ अँप्लिफायर करायचा ठरवलं. चॅसिस स्टीलच्या डब्याची केली. सगळं जमलं, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मर?

चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर भरणं म्हणजे सोपं काम नाही. प्रायमरीचा एक थर, त्यावर सेकंडरी, मग परत प्रायमरी, असं सँडविच करावं लागतं, नाहीतर वरचा आवाज म्हणजे टाळांची खणखण आतल्या आतच विरते, याला लीकेज म्हणतात, एका वाइंडिंगचं मॅग्नेटिक फील्ड दुसऱ्यापर्यंत पूर्ण पोचत नाही. काकांना विचारलं तर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणाले दिवाळीपर्यंत सुई दिसत नाही मले, तार काय दिसन. बाहेरून मागवायचा तर किंमत बघून मी मोबाइल बंद करून ठेवला.

मग वाचलं की टोरॉइड चालतो. नुसता चालतो असं नाही, नेदरलँड्सचे मेन्नो वॅन डर वीन नावाचे एक इंजिनिअर आहेत, त्यांनी खास व्हॉल्व्ह अँप्लिफायरच्या आउटपुटसाठी टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर डिझाइन केले आणि कॅनडाच्या प्लिट्रॉन कंपनीने ते बनवून विकले. गोल कोअरवर तार सगळीकडून सारखी बसते, लोखंडाची पट्टी ज्या दिशेने लाटलेली असते त्याच दिशेने फ्लक्स फिरतो, मधे कुठे सांधा नाही, वळण नाही, त्यामुळे लीकेज अगदी कमी आणि इंडक्टन्स भरपूर. ते खास बनवलेले माझ्या खिशाबाहेरचे. पण मेनचा टोरॉइड तर नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात मिळतो, दोन मिळून अडीच हजारांत, आणि काहींना ११५-११५ च्या दोन प्रायमरी असतात, त्या सिरीजमध्ये जोडल्या की मधला जोड हा सेंटर टॅप, तिथे बी प्लस, म्हणजे व्हॉल्व्हचा डीसी सप्लाय, द्यायचा आणि दोन टोकं दोन व्हॉल्व्हच्या करंट आत शिरतो त्या पायाला, म्हणजे अॅनोडला. पुश-पुल तयार.

एक गंमत सांगून टाकतो. जगातला पहिला ट्रान्सफॉर्मर गोलच होता. २९ ऑगस्ट १८३१ ला फॅरडेने लंडनमध्ये लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंना तारा गुंडाळून प्रयोग केला, आणि तारांना इन्सुलेशन काय, तर दोरा आणि सुती कापडाच्या पट्ट्या. इनॅमल तार कुठून असणार तेव्हा. कापूस पिकवणाऱ्या गावात बसून हे वाचताना मला उगाचच बरं वाटलं.

तर ट्रान्सफॉर्मर आणला. आता यावर छापलेलं असतं २३० : ६, पण त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. छापलेले ६ व्होल्ट हे फुल लोडचे असतात. रिकामा ठेवून मोजला तर माझ्याकडे ६.८ आले. म्हणजे प्रमाण ३३.८, त्याचा वर्ग साधारण ११४४, आणि आठ ओहमचा स्पीकर लावला की व्हॉल्व्हला दिसणार सव्वानऊ हजारांच्या जरा खाली. आठ हजार पाहिजे होते, पण चालतंय, जरा पॉवर कमी मिळेल. छापील आकड्याने हिशोब केला असता तर पावणेबारा हजार आले असते आणि मी हा ट्रान्सफॉर्मर तिथेच ठेवून आलो असतो.

मग रिकाम्या ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्ट देऊन करंट मोजला. पाच मिलिअँपियर. काकांच्या दुकानातला तेवढ्याच साइजचा पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर मोजला तर चाळीस. पाचचा हिशोब केला तर इंडक्टन्स दीडशे हेन्रीच्या जवळ येतो. १९४७ मध्ये विल्यमसन या स्कॉटिश इंजिनिअरने जो अँप्लिफायर छापला आणि ज्याने अख्ख्या जगाला हायफायची चटक लावली, त्याने आपल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरसाठी कमीत कमी १०० हेन्री मागितले होते, आणि ते भरता भरता वाइंडिंगवाल्यांच्या नाकी नऊ आले असणार. आणि माझ्याकडे सव्वा हजारांच्या मेदूवड्यात दीडशे. मी त्या रात्री झोपलोच नाही, हिशोबच करत बसलो.

जोडला. पहिल्यांदा चालू करायला मी नेहमी एक हात खिशात ठेवतो, तीनशे व्होल्ट डीसी आहे, थट्टा नाही. व्हॉल्व्ह तापले, केशरी झाले, धूर नाही, भडका नाही. आमच्या गावच्या भजनी मंडळाचं कोजागिरीचं रेकॉर्डिंग लावलं, मीच केलेलं, देवळाच्या ओसरीवर. खंजिरी, टाळ, पेटी आणि मृदंग. आमच्या भागात खंजिरी भजनाला तोड नाही, मोझरी इथून फार लांब नाही आणि तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकलेली म्हातारी माणसं कालपरवापर्यंत गावात होती. खंजिरीच्या झांजा अशा मोकळ्या वाजल्या की मी उठून उभा राहिलो. पत्र्याच्या ट्रान्सफॉर्मरवर हे कधी ऐकलं नव्हतं. पण मृदंग?

मृदंग डाव्या स्पीकरमध्ये होता, उजव्यात नव्हता. म्हणजे वाजत होता, पण शाईच्या बाजूचाच. डाव्या हाताची थाप, कणीक लावलेल्या बाजूची, जी पोटात लागते ती, उजव्या स्पीकरमध्ये फसकन जायची, फाटक्या सुपासारखी. स्पीकर अदलाबदल केले. तेच. वायरी बदलल्या. तेच. ड्रायव्हर व्हॉल्व्ह बदलला, कपॅसिटर बदलले, सोल्डर परत मारलं, तीन रात्री गेल्या यात, आणि झेरॉक्सचा टोनर भरायचा राहिला म्हणून शाळेच्या मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या.

चौथ्या दिवशी काका आले, डोळ्यांच्या तपासणीहून परत जाताना सहज. डोळ्यावर हिरवा चष्मा. त्यांना ऐकवलं. त्यांनी डावा ऐकला, उजवा ऐकला, आणि हसायला लागले.

"कागद कुठी हाय बे?"

मी एक मिनिट काही बोललोच नाही. नववीतलं सगळं आठवलं. मग काकांनी तो दुसरा, न जोडलेला टोरॉइड हातात घेतला, माझ्याकडे चार होते तेव्हा, एक जोडी मी हौसेने नंतर जास्तीची आणली होती, आणि बोटाने चाचपत फिरवत म्हणाले, "पण याच्यात कागद ठेवाचा कुठी? याले त फटच नाही."

हीच त्याची खुबी आणि हीच त्याची खोड. पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्हचा डीसी करंट प्रायमरीच्या दोन अर्ध्यांतून उलट दिशेने जातो, दोघं एकमेकांना कापतात, म्हणून फट लागत नाही असं पुस्तकात असतं. पण ते दोघं सारखे असतील तर. मी प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडला, जिथून करंट बाहेर पडतो तिथे, एक ओहमचा रेझिस्टर लावला, त्यावर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपियर, सोपं मीटर. डाव्या चॅनेलमध्ये ३७ आणि ३९. उजव्यात ३४ आणि ४२. ही उजवी जोडी मी ऑनलाइन एकाकडून 'मॅच्ड पेअर' म्हणून जास्त पैसे देऊन घेतली होती, आणि डावी भंगारातली होती. काय बोलायचं.

आठ मिलिअँपियरचा फरक. ऐकायला काहीच नाही. पण प्रायमरीचे अंदाजे तेराशे वेढे, अर्ध्यात साडेसहाशे, गुणिले आठ मिलिअँपियर, म्हणजे ५.२ अँपियर-टर्न. कोअरचा घेर वीसेक सेंटिमीटर. यात हे ग्रेन ओरिएंटेड सिलिकॉन स्टील एक टेस्लाच्या (लोखंड किती मॅग्नेट झालं त्याचं हे माप) वर जाऊन बसतं, आणि त्याचं पोतं भरतं दोनच्या आसपास. म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीच पोतं अर्ध्याहून जास्त भरलेलं, तेही एका बाजूने. पत्र्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये कितीही गच्च ठोका, ई आणि आयच्या सांध्यात केसभर फट राहतेच, आणि तेवढ्या फटीत हे आठ मिलिअँपियर जिरून जातात, पत्ताही लागत नाही. जुन्या अँप्लिफायरमध्ये वर्षानुवर्षं न जुळणाऱ्या व्हॉल्व्हच्या जोड्या वाजत राहिल्या त्या याच्यामुळे. गोल कोअर मात्र एकदम काटेकोर, पै-पैचा हिशोब मागणारा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा.

आणि जे लोक एकट्या व्हॉल्व्हला, सिंगल एंडेडला, साधा मेनचा टोरॉइड लावून बघतात त्यांनी तर लावूच नये. तिथे कापायला दुसरा कोणीच नाही. डीसी वेगळ्या चोकमधून, म्हणजे लोखंडावरच्या एकाच तारेच्या गुंडाळीतून, नेऊन कपॅसिटरमधून नुसता एसी ट्रान्सफॉर्मरला दिला तर जमतं, पण मग त्या चोकला फट लागतेच. फिरून कागद आलाच.

इलाज तसा स्वस्त निघाला. आधी दोन्ही व्हॉल्व्हच्या कॅथोडला मिळून एकच रेझिस्टर होता, १३० ओहमचा. तो काढला. प्रत्येक कॅथोडला स्वतंत्र एलएम ३१७ लावला, मोबाइल चार्जरच्या दुकानात पण मिळेल असा पंधरा-वीस रुपयांचा आयसी, त्याला ३३ ओहमचा रेझिस्टर लावला की तो १.२५ भागिले ३३ म्हणजे साधारण ३८ मिलिअँपियरच जाऊ देतो, व्हॉल्व्ह नवा असो, म्हातारा असो. वर एक मोठा कपॅसिटर, म्हणजे गाण्याचा एसी बाजूने जातो. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये आयसी घातला म्हणून काही जण नाक मुरडतील, मुरडू द्या. मी मोजलं, ३८ आणि ३८, डावीकडे ३८ आणि ३७.८.

मृदंग उजव्या स्पीकरमध्ये आला. आला म्हणजे काय आला, सलूनवाला वस्तरा घेऊन बघायला आला की कोण वाजवतंय.

हे करताना मर्यादाही कळल्या, त्या लपवत नाही. हा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झला २३० व्होल्टसाठी बनवलाय, कंपनी लोखंड फुकट जास्त घालत नाही. माझ्या हिशोबाने व्हॉल्व्ह क्लास ए मध्ये, म्हणजे दोन्ही सतत चालू असताना, साडेसहा वॅट देतात, तेव्हा प्रायमरीवर २४५ व्होल्टच्या आसपास असतात. म्हणजे ५० हर्ट्झच्या जवळ तो काठावर येतो. त्याखाली, मोठ्या आवाजात, भरतो. आणि टोरॉइड भरतो तेव्हा पत्र्याच्या ट्रान्सफॉर्मरसारखा हळूहळू नाही भरत, एकदम भिंत लागते. दहा वॅट काढायला गेलं तर प्रायमरीवर तीनशे व्होल्ट होतात, मग तर साठ हर्ट्झलाच संपलं. त्यात एलएम ३१७ ची पण अडचण, क्लिप करायला, म्हणजे आवाजाची टोकं कापायला लागला की बायस, म्हणजे व्हॉल्व्हची ठरवून दिलेली स्थिती, सरकत जातो. त्यामुळे हा अँप्लिफायर घरात ऐकायचा, दोन वॅट, तीन वॅट. गणपतीला भाच्याने मागितला होता डीजेसोबत लावायला, मी सरळ नाही म्हटलं, तो आजही नाराज आहे. आणि अल्ट्रालिनिअर करायचं असेल, म्हणजे आवाज अजून साफ व्हावा म्हणून व्हॉल्व्हच्या आतल्या स्क्रीन नावाच्या जाळीला प्रायमरीवरून साधारण ४३ टक्क्यांवर टॅप द्यायचा, तर मेनच्या ट्रान्सफॉर्मरला तो टॅप नसतोच. ही खंत मला राहिली, तिच्याकडे परत येतो.

यात अजून एक भानगड झाली. पॉवर सप्लायसाठीही मी टोरॉइडच लावला होता. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान तो घुमायला लागायचा. आवाज स्पीकरमधून नाही, ट्रान्सफॉर्मरच स्वतः, म्हशीसारखा हं हं हं करत. संध्याकाळी शांत. मला वाटलं व्होल्टेज, मीटर लावून ठेवलं, व्होल्टेज दुपारी उलट कमी असायचं. आठ दिवसांनी लक्षात आलं, सलूनवाला दुपारी नवरदेवांचे केस सेट करतो, आणि त्याचा हेअर ड्रायर हाफवर असला की घुमतो, फुलवर असला की बंद. स्वस्त ड्रायरमध्ये हाफसाठी फक्त एक डायोड असतो सिरीजमध्ये, तो एसीची एकच बाजू वापरतो, त्यामुळे लाइनवर जरासा डीसी येतो. काही शे मिलिव्होल्ट. बाकी कोणाला कळतही नाही, गावातल्या एकाही मोटरने तक्रार केली नाही. पण ज्याला फटच नाही तो लगेच भरला, लगेच ओरडला. म्हणजे भिंतीच्या अलीकडे माझे व्हॉल्व्ह आणि पलीकडे त्याचा ड्रायर, दोघांचं एकच दुखणं. मी त्याला म्हटलं फुलवरच चालव ना. तो म्हणाला, "भाऊ, फुलवर ठेवला त गिऱ्हाईकाची टाळू भाजन." बरोबरच आहे. मग मीच मेनच्या वायरीत दोन मोठे कपॅसिटर उलटसुलट आणि त्यांना डायोड असं जोडून दिलं, डीसी तिथेच अडतो. आता लग्नसराईतही शांत.

काका त्या दिवसापासून दोन-तीनदा येऊन ऐकून गेले. ते बोलत काही नाहीत, डोळे मिटून बसतात, आणि मधेच म्हणतात करंट सांग. मी मीटर लावून सांगतो, अडतीस, अडतीस. मान हलवतात. एकदा व्होल्टेज एकशेऐंशीवर गेलेलं होतं, रात्री सगळ्या शेतांत पंप चालू, तर ३१७ ला पुरेसे व्होल्ट उरले नाहीत आणि दोन्ही खाली आले, पण वेगवेगळे, ३५ आणि ३३. मी मीटर लावायच्या आधी ते म्हणाले, "उजवा बसला." आणि खरंच उजवा बसला होता. मला ते अजून ऐकू येत नाही, मीटरशिवाय.

मागच्या महिन्यात त्यांनी तो जास्तीच्या जोडीतला एक टोरॉइड मागून नेला. म्हणाले खोलतो. मेनचा टोरॉइड खोलायचा म्हणजे सगळी तार उलगडायची, पुन्हा भरायची तर प्रत्येक वेढा त्या भोकातून आत घालून बाहेर काढायचा. कारखान्यात त्याला मशीन असतं, गोल कड्यावर आधी तार गुंडाळून ते कडं कोअरच्या भोकातून फिरतं. काकांनी छत्रीच्या काडीला दोन्हीकडे खाचा पाडून लांब शटल केलंय, मच्छीवाले जाळं विणतात तसं, त्यावर तार, आणि ते भोकातून आरपार. दर थरावर कॉटन टेप. दोन्ही अर्धे सारखे, ४३ टक्क्यांवर टॅप, मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय कारण बारीक त्यांना अजूनही दिसत नाही. दुकान आता मुलगा बघतो, मोटरींचा ढीग आहेच, हे मागे पत्र्याच्या खुर्चीवर बसून ते करत असतात.

परवा फोन केला, कुठपर्यंत आलं म्हणून विचारायला. बराच वेळ वाजला, मग उचलला.

"तीनशे चाळीस झाले होते," काका म्हणाले, "आता तुह्याच्यानं भुललो." आणि फोन ठेवला.